युरोक भाषेचा ऑनलाइन शब्दकोश: दिशांच्या शब्दांपुरते एक परीक्षण

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात 2001 मध्ये सुरू झालेल्या युरोक भाषा प्रकल्पाचा ऑनलाइन शब्दकोश कोणालाही विनामूल्य वाचता येतो. भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्यात अनेक अंगांनी रस वाटावा असा तो आहे. परंतु हे परीक्षण मी दिशा आणि स्थान दाखवणाऱ्या शब्दांपुरतेच ठेवले आहे, कारण या कोशाचे सामर्थ्य मला तिथे सर्वांत स्पष्ट दिसले आणि त्याच्याकडून वाचकाने काय अपेक्षा ठेवावी हेही तिथेच कळले.

युरोक लोक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियाच्या वायव्य कोपऱ्यात, क्लामथ नदीच्या शेवटच्या टप्प्यात आणि तिच्या मुखाजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर राहतात. त्यांचे आजचे राखीव क्षेत्र नदीच्या दोन्ही तीरांवर प्रत्येकी एक मैल रुंद आणि मुखापासून वर सुमारे 44 मैल लांब असे पट्ट्यासारखे आहे. नदीला इतके चिकटून राहणाऱ्या समाजाची दिशांची व्यवस्थाही नदीवरच उभी असावी, हे ओघानेच आले. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी 1925 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे की युरोक लोक पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण अशा मुख्य दिशा मानत नाहीत. ते पाण्याच्या वाहण्यावरून विचार करतात. ‘पेत्स’ म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला, ‘पुल’ म्हणजे खालच्या अंगाला, ‘हिको’ म्हणजे पलीकडच्या तीरावर. आपल्याच तीरावर पाण्यापासून दूर, चढावर जाण्यासाठी वेगळा शब्द आहे, आणि हे घटक एकमेकांना जोडून अधिक नेमकी स्थाने सांगता येतात. रेडवुड झाडाच्या फळ्यांच्या घराचा कोपरासुद्धा त्यांच्या बोलण्यात नदीच्या वरच्या बाजूचा किंवा खालच्या बाजूचा असतो.

नकाशा उघडला की या व्यवस्थेचे मर्म लगेच ध्यानात येते. क्लामथ ओरेगॉन राज्यातून नैर्ऋत्येकडे उतरते, वाइचपेक येथे तिला ट्रिनिटी नदी मिळते आणि तिथे ती एकदम वळून वायव्येकडे समुद्राचा मार्ग धरते. त्यामुळे मुखाजवळच्या रेक्वा गावात उभे राहून ‘नदीच्या वर’ म्हटले तर बोट आग्नेयेकडे जाते, आणि वाइचपेकमध्ये क्लामथच्या काठाने तेच म्हटले तर ते ईशान्येकडे जाते. शब्द एकच, होकायंत्राच्या दिशा दोन. तरीही बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात तिळमात्र गोंधळ नाही, कारण पाणी दोघांच्याही डोळ्यांसमोर आहे. ‘युरोक’ हे नावसुद्धा याच व्यवस्थेतून आलेले आहे. नदीच्या वरच्या भागात राहणाऱ्या कारुक लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘खालच्या अंगाला’ असा होतो, आणि ‘कारुक’ म्हणजे ‘वरच्या अंगाला’.

मराठवाड्यातील वाचकाला हे परके वाटू नये. गोदाकाठच्या गंगथडीच्या गावांत अल्याड-पल्याड हे शब्द रोजच्या वापरातले आहेत, आणि पाऊस कमी पडलेल्या वर्षी पैठणपासून नांदेडपर्यंत प्रत्येकाला ‘वरची धरणे’ म्हणजे नाशिक आणि अहिल्यानगरकडची धरणे हे सांगावे लागत नाही. जायकवाडीत पाणी सोडण्याच्या वादात वरचे कोण आणि खालचे कोण हे ठरवणारी रेषा गोदावरीनेच आखलेली आहे. फरक एवढाच, पण तो मोठा आहे, की आपल्याकडे या शब्दांबरोबर उगवती-मावळतीही तितकीच जिवंत आहे. युरोक भाषेत नदीचे शब्द हीच मूळ चौकट आहे.

आता कोशाकडे वळू. त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे त्यात शब्द सुटा पडत नाही. नोंदीबरोबर वाक्ये येतात, अनेक ठिकाणी वृद्ध भाषकांच्या आवाजातील ध्वनिमुद्रणे आहेत, आणि जुन्या अभ्यासकांनी टिपलेल्या सामग्रीशी आजच्या नोंदी जोडलेल्या आहेत. क्रोबर यांचे क्षेत्रकार्य विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकातले आहे. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ आर. एच. रॉबिन्स 1951 मध्ये तिथे गेले आणि त्यांचे व्याकरण 1958 मध्ये प्रसिद्ध झाले. दिशांच्या शब्दांना हा साठा विशेष उपयोगी पडतो, कारण ‘वर’ किंवा ‘पलीकडे’ यांचा अर्थ बोलणारा कुठे उभा आहे हे समजल्याशिवाय पुरा होतच नाही, आणि तो संदर्भ वाक्यातून किंवा कथेतूनच मिळतो. म्हणून कोणी नुसती विषयवार शब्दसूची वाचून हा विभाग संपवू नये, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. इंग्रजीत दिलेला एका शब्दाचा अर्थ वाचून समाधान मानणाऱ्याच्या हाती टरफल तेवढे लागेल.

कथा वाचल्या की दिशांना आणखी एक परिमाण मिळते. युरोक पुराणकथांतील पुलेकुकवेरेक हा वीर पुलेकुक येथे, म्हणजे नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या जगाच्या टोकाला राहतो. त्याच कथांतील वोहपेकुमेव याच्या नावात समुद्रापलीकडचा असा अर्थ आहे. ज्या शब्दाने घराचा कोपरा सांगायचा, त्याच जातीच्या शब्दाने जगाची कडही सांगायची, ही त्या भाषेची मला सर्वाधिक भावलेली गोष्ट आहे.

उच्चारांच्या बाबतीत मात्र धीर धरावा लागतो. श्वास कोंडून सोडलेली व्यंजने आणि जिभेच्या कडांवरून हवा घासत जाणारा अघोष ‘ल’ मराठीत नाहीत, आणि ‘र’काराने रंगलेला त्यांचा स्वर आपल्या ‘ऋ’वरून कल्पना करून कळेल असे नाही, कारण आपण तो ‘रु’ असाच उच्चारतो. मी इथे देवनागरीत लिहिलेली रूपे क्रोबर यांच्या लेखनावरून घेतलेली व स्थूल आहेत. जुन्या अभ्यासकांचे लेखन आणि आज युरोक समाज वापरत असलेली वर्णमाला यांत फरक आहे. त्यामुळे पुस्तकात पाहिलेला शब्द कोशात शोधताना त्याच रूपात सापडेलच असे नाही. अशा वेळी इंग्रजी अर्थावरून शोध घेणे सोयीचे.

जुन्या पिढीतील अखेरचे अस्खलित जन्मभाषक मानले गेलेले आर्ची थॉम्पसन 2013 मध्ये वारले. भाषा मात्र तिथल्या माध्यमिक शाळांत शिकवली जात आहे, आणि हा कोश प्रथम त्या मुलांसाठी व त्यांच्या शिक्षकांसाठी आहे याचे भान ठेवून आपण पाहुण्यासारखे तो वाचावा. मराठवाड्यातील भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना, विशेषतः बोलींचे शब्द गोळा करणाऱ्यांना, मी तो मनापासून सुचवतो. सुरुवात नदीच्या वर आणि खाली या अर्थांच्या नोंदींपासून करावी, शेजारी क्लामथचा नकाशा उघडा ठेवावा, प्रत्येक उदाहरणवाक्यात बोलणारा कोणत्या तीरावर आहे हे आधी ठरवावे, मग ध्वनिमुद्रण ऐकावे आणि विषयवार सूचीकडे त्यानंतरच जावे.