लॅमिंग्टन रोडवरून ‘नवीन’ एसएसडी घेताय? आधी हे वाचा

माझ्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क नऊ वर्ष चालली आणि जाताना पण बिचारी दोन आठवडे टक टक आवाज करत सांगत होती की बाबा मी चालले, डेटा काढून घे. तो मी घेतला, तात्पुरता इकडेतिकडे पेनड्राइव्हवर टाकला आणि शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईचं कॉम्प्युटर मार्केट गाठलं.

बाकी सगळीकडे 500 जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी लावतात ती चिपवाली डिस्क) 3200 च्या खाली कोणी देत नव्हतं, एका गाळ्यात 2400 ला मिळाली. सील पॅक. गाळेवाला म्हणाला, "साहेब, हार्ड डिस्कमध्ये प्लेट फिरते म्हणून ती घासते, ह्यात फिरणारं काहीच नाय तर बिघडणार काय? वीस वर्ष बघायला नको." वर जुनी डिस्क एक्सचेंजमध्ये घेऊन 200 कमी केले, मी खुश.

चार महिन्यांनी मशीन मधेच हँग व्हायला लागलं. मला वाटलं विंडोजचं काहीतरी असेल, दोनदा फॉरमॅट मारलं (मूर्खपणा, उलट अजून रायटिंग झालं). शेवटी दादरच्या मित्राने क्रिस्टलडिस्कइन्फो टाकलं, डिस्कची तब्येत दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर आहे, दोन मिनिटांचं काम. हेल्थ 11 टक्के, पॉवर ऑन अवर्स (डिस्क एकूण चालू राहिलेले तास) 26 हजार, म्हणजे रात्रंदिवस चालू धरलं तर जवळपास तीन वर्ष! आणि लिहिलेला डेटा 270 टीबी (1 टीबी म्हणजे 1000 जीबी). माझ्याकडे ती होती चार महिने.

गंमत म्हणजे वीस वर्षाचं गाळेवाला तसं अगदीच खोटं बोलला नव्हता. एसएसडीचं वय वर्षांपेक्षा किती लिहिलं त्यावर जास्त असतं, कारण फ्लॅशचा (एसएसडीतल्या मेमरी चिपचा) प्रत्येक सेल ठरावीक वेळाच पुसून परत लिहिता येतो. 500 जीबीच्या चांगल्या एसएसडीला साधारण 300 टीबी किंवा पाच वर्ष, जे आधी होईल ते, अशी वॉरंटी असते. आपण घरी रोज 30 जीबी लिहिले तरी 300 टीबीला 27 वर्ष लागतील. फक्त माझ्या आधी कोणीतरी कुठल्यातरी सर्व्हरमध्ये पिळून घेतली होती ते त्याने सांगितलं नाय. आणि हार्ड डिस्कसारखा आवाज नाय, घरघर नाय, बाहेरून नवीकोरी दिसते, सील काय कोणीपण मारतं.

त्यातला डेटा कॉपी करायला घेतला तर एसएसडी अर्ध्यातच गेली, परत डिटेक्टच नाय झाली. पुतणीच्या बारशाचे सगळे फोटो त्यात, आणि पेनड्राइव्ह मी कधीच रिकामे केलेले. जुनी डिस्क परत मागायला गेलो तर म्हणे भंगारात गेली.

तर घेताना गाळ्यातच लॅपटॉपला लावून त्याच सॉफ्टवेअरमध्ये तास आणि रायटिंग बघा, नवीन असेल तर दोन्ही जवळजवळ शून्य पाहिजे. पण हे आकडे झिरो करून विकणारे पण आहेत, त्यामुळे सिरीयल नंबर तिथेच कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे ते पण बघा. जीएसटी बिल घ्या, सिरीयल नंबरसकट. मी 1915 ला, ग्राहक हेल्पलाइनला फोन केला तेव्हा त्यांनी पहिलं बिलच विचारलं आणि माझ्याकडे होती एक पिवळी चिठ्ठी, त्यावर दुकानाचं नाव पण नाय, नुसतं ‘एसएसडी 1 नग, चिप बर्न नो वॉरंटी’.