ऑफिसातला १००० व्हीएचा यूपीएस: १४ महिन्यांच्या वापरानंतर

लाइन-इंटरॲक्टिव्ह प्रकारचा (व्होल्टेज थोडं कमी-जास्त झालं तर बॅटरी न वापरता सांभाळून घेणारा), १००० व्हीएचा, ६०० वॅटपर्यंत लोड घेणारा यूपीएस, आत १२ व्होल्ट ७ एएचच्या (अँपिअर-तास) दोन बॅटऱ्या. त्यावर फाइल सर्व्हर, एक डेस्कटॉप, मॉनिटर, राउटर आणि नेटवर्क स्विच. लोड साधारण २४० वॅट. यंत्र चांगलं आहे, घ्यावं असंच आहे. पण यूपीएस असूनही सर्व्हर धाडकन बंद पडतो तेव्हा दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो, जोडणीचा असतो. आणि लाइट असेपर्यंत तो दिसतच नाही.

मागच्या बाजूला सॉकेटच्या दोन रांगा आहेत. एका रांगेला बॅटरीचा आधार, दुसरीला फक्त सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून संरक्षण. लाइट असताना दोन्ही सारख्याच चालतात, म्हणून टेबलाखाली वाकून घाईत लावलेला सर्व्हरचा प्लग महिनोन् महिने चुकीच्या रांगेत बसून राहू शकतो. मग लाइट जाते, यूपीएस टूं टूं करत चालू, मॉनिटरही चालू, आणि सर्व्हर तेवढा गार. चाचपडत प्लग खुपसू नका. मोबाइलचा टॉर्च मारून सॉकेटखालची अक्षरं वाचा आणि प्रत्येक वायरीवर चिकटपट्टी लावून यंत्राचं नाव लिहा.

लेझर प्रिंटर बॅटरीच्या रांगेत कधीही नको. टोनर कागदावर वितळवणारा त्याचा फ्यूझर तापताना काही सेकंद ८००-१००० वॅट सहज ओढतो. लाइट असताना हे बऱ्याचदा खपून जातं. बॅटरीवर चालू असताना कुणी प्रिंट दिली की यूपीएस ओव्हरलोड दाखवून सगळंच बंद करतो. प्रिंटर थेट भिंतीतल्या सॉकेटवर लावा.

याउलट राउटर आणि नेटवर्क स्विच बॅटरीवर हवेतच. ते बंद असले तर डेस्कटॉप चालू असूनही शेअर फोल्डरमधली फाइल सेव्ह होत नाही. दोन्ही मिळून लोड अगदी किरकोळ.

बॅकअपचा हिशेब मात्र खोक्यावरच्या आकड्यावर करू नका. दोन बॅटऱ्या मिळून कागदावर १६८ वॅट-तास होतात, पण ७ एएच हा आकडा २० तास हळूहळू वापरण्याचा आहे. इतक्या झपाट्याने ओढल्यावर जवळपास निम्मीच क्षमता हाती लागते, त्यात बॅटरीची वीज एसीत बदलणाऱ्या इन्व्हर्टरचाही तोटा. २४० वॅटवर नव्या बॅटरीने १९ मिनिटं दिली, आता १६ देते. एवढा वेळ काम नीट बंद करायला पुरेसा आहे, काम चालू ठेवायला नाही.

म्हणून सोबत आलेली यूएसबी केबल महत्त्वाची, आणि बऱ्याच ऑफिसांत ती खोक्यातच राहते. ती सर्व्हरला जोडा, म्हणजे लाइट गेल्याचं त्याला कळतं आणि तो आपोआप नीट बंद होऊ शकतो. लिनक्सवर एनयूटी नावाचं मोफत सॉफ्टवेअर हे काम उत्तम करतं. शटडाउनची अट 'बॅटरी २० टक्के' अशी ठेवू नका. जुनी बॅटरी १०० टक्के दाखवता दाखवता मिनिटभरात बसते. 'लाइट जाऊन ४ मिनिटं झाली' अशी वेळेची अट भरवशाची.

इथेच एक फार छुपी अडचण आहे. सर्व्हर नीट बंद झाला, पण यूपीएसचं आउटपुट चालूच राहिलं आणि तेवढ्यात लाइट आली. सर्व्हरच्या दृष्टीने पुरवठा तुटलेलाच नाही, त्यामुळे बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) 'पॉवर आल्यावर चालू हो' असं ठेवलेलं असूनही तो सुरू होत नाही. शुक्रवारी रात्री हे झालं तर सोमवारी सकाळपर्यंत सर्व्हर बंद. उपाय असा: शटडाउनच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर यूपीएसला आउटपुट तोडण्याची आज्ञा द्यायची आणि लाइट आल्यावर त्याने ते पुन्हा चालू करायचं. एनयूटीमध्ये ही सोय आहे, पण यूपीएसचं मॉडेल ती आज्ञा मानतं का, हे विकत घेण्याआधी बघाच.

दर तीन महिन्यांनी चाचणी घ्या. आधी फाइल्स बंद करा, मग भिंतीवरचं बटण बंद करा. प्लग उपसू नका, कारण त्याने अर्थिंगही तुटतं. किती मिनिटं चालला ते तारखेसह लिहून यूपीएसवरच चिकटवा. पहिल्या आकड्याच्या निम्म्यावर आला की बॅटरी बदलायची.

बॅटऱ्या साधारण ३ ते ५ वर्षं टिकतात, पण २५ अंशांच्या वर दर ८-१० अंशांना आयुष्य निम्मं होतं. म्हणून यूपीएस भिंतीला खेटून किंवा फायलींच्या गठ्ठ्यात कोंबून ठेवू नका. बदलताना दोन्ही एकदमच बदला. जुनी-नवी जोडी लावली तर जुनी नवीलाही खाते. बॅटरी फुगून खोबणीत अडकली असेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, कव्हरचे स्क्रू काढून जागा करा. लाल-काळी वायर उलटी होऊ नये म्हणून काढण्याआधी फोटो घ्या. टर्मिनलची पट्टी ४.७५ मिमीची आहे की ६.३५ मिमीची, तेही नवी मागवण्याआधी मोजा.