चिपळूणच्या विमा एजंट काकांकडून घेतलेली गाडीची पॉलिसी, माझा अनुभव

गेल्या गणपतीत रत्नागिरीहून परत येताना हातखंब्याला पोलिसांनी गाडी थांबवली. लायसन, आरसी, पीयूसी सगळं डिजिलॉकरमध्ये म्हणून मी निर्धास्त, आणि हवालदारांनी मशीनमध्ये नंबर टाकला तर इन्शुरन्स संपून चार दिवस झालेले. २००० चं चलन, परत सापडलात तर ४००० म्हणाले. बोलले नीट, पण गाडीत पोरं आणि सासूबाई, मला फार लागलं ते.

त्याच रात्री ऑनलाइन सगळ्यात स्वस्त दिसली ती पॉलिसी काढली, गाडी १२०० सीसीची म्हणून ३४१६ अधिक जीएसटी, पाच मिनिटांत पीडीएफ आली. वाटलं सुटलो. पंधरा दिवसांनी शेजारच्या वहिनी बाजारपेठेतल्या या काकांकडे स्कूटीची पॉलिसी काढायला निघाल्या, मी सोबत गेले आणि सहज माझी पीडीएफ दाखवली. काका म्हणाले, "बाय, ही नुसती थर्ड पार्टी. पोलिसांना दाखवायला चालेल, पण तुझ्या गाडीला काय झालं तर एक रुपया मिळायचा नाही." समोरच्या माणसाचं किंवा त्याच्या गाडीचं नुकसान झालं तर तेवढंच भरून देणार, कायद्याने सक्ती तेवढ्याचीच आहे, हे मला खरंच ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी जे विचारलं ते आजवर मला कुणीच विचारलं नव्हतं: गाडी रात्री कुठे लावता, २०२१ च्या पुरात तिथे पाणी किती होतं? आमच्या वाडीत २२ जुलैला छातीपर्यंत पाणी होतं. काकांनी सांगितलं, पुराचं नुकसान साध्या फुल पॉलिसीत (जी आपल्या गाडीचंही नुकसान भरते) येतं, पण पाण्यात बुडालेली गाडी चावी फिरवून चालू केली आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं तर त्या इंजिनाचे पैसे कंपनी नाकारते, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. आमच्या ओळखीत तेव्हा दोघांनी अशीच गाडी चालू केली होती आणि इंजिनाचा खर्च स्वतःच्या खिशातून भरला. वाशिष्ठीच्या काठावर राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट आधी सांगायला हवी, आणि काकांनी ती सांगितली म्हणूनच मी हे लिहायला बसले.

थर्ड पार्टीचे पैसे फुकट जाऊ दिले नाहीत, त्याच्यावर फक्त ओन डॅमेजची, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीची, वेगळी पॉलिसी काढून दिली, झिरो डेप (बदललेल्या पार्टच्या जुनेपणाचे पैसे कापत नाहीत ते) आणि इंजिन प्रोटेक्टसकट. जुनी संपून ९० दिवस झाले नव्हते म्हणून माझा ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, वाचला. मध्ये खंड पडल्यामुळे गाडीची तपासणी लागते, तिचे फोटो काढायला स्वतः घरी आले. १५ लाखांचा अपघात विमा स्कूटीवर माझ्या नावाने आधीच होता, तर गाडीवर परत घ्यायला लावला नाही, तेवढे पैसे वाचले.

या जूनमध्ये गाडी मागे घेताना चिऱ्याच्या गडग्याला बंपर घासला, खर्च साडेतीन हजार. मी क्लेम टाकायलाच निघाले होते. काका म्हणाले टाकू नको, क्लेममधले पहिले हजार तर तसेही तुलाच भरायचेत आणि बोनस शून्यावर जाईल, पुढच्या हप्त्यात त्याहून जास्त जातील. हिशोब कागदावर मांडून दाखवला, मला पटला.

तक्रार दोनच. दुपारी एक ते चार ऑफिस बंद, आणि व्हॉट्सअॅपवर पॉलिसी मागितली की दोन दोन दिवस येत नाही. प्रिंट मात्र लगेच देतात, ती डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलीय, घाटात रेंज गेली की मोबाइलपेक्षा तीच कामाला येते. जायचं तर सकाळी जा, आरसी आणि जुनी पॉलिसी घेऊन. पाचपैकी साडेचार.