१०५० टीआय ग्राफिक्स कार्ड म्हणून जुनं जीटीएस ४५० गळ्यात मारतायत, घेण्याआधी हे बघा

भाच्याला जीटीए ५ खेळायचं होतं, पीसी जुना, बजेट पाच हजाराच्या आत, म्हणून जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी शोधत होतो. ऑनलाइन जाहिरातीत साडेचार हजाराला दिसलं, "बॉक्सपॅक, वापरलेलं नाही, फक्त बिल नाही". विकणाऱ्याने स्वतःच्या मशीनला लावून डिव्हाइस मॅनेजर उघडून दाखवला, नाव बरोबर, मेमरी ४ जीबी, सगळं ओके. कॅश दिली. निघताना म्हणतो कसा, "दादा, ड्रायव्हर अपडेट नका करू, पेनड्राइव्हवर दिलाय तोच टाका, नवीनमध्ये प्रॉब्लेम येतो."

सगळी मेख तिथेच होती राव!

घरी जीटीए ५ सगळ्यात खालच्या सेटिंगला पण अडकत अडकत चालायला लागलं, जरा टेक्स्चर वाढवले की गेम क्रॅश, आणि नवीन ड्रायव्हर टाकला तर स्क्रीन काळी. मग जीपीयू-झेड (कार्डाची खरी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकलं तर कार्डाच्या नावाच्या आधीच चौकोनी कंसात 'फेक' लिहून आलं (२.१२.० व्हर्जनपासून ते नकली एनव्हिडिया कार्डं ओळखतं, फुकट आहे). शेडर्स, म्हणजे चिपमधली चित्राचं गणित करणारी छोटी युनिट्स, फक्त १९२. खऱ्या १०५० टीआयला ७६८ असतात. शेवटी कूलरचे स्क्रू काढले, वाळलेली पेस्ट कापसाने पुसली तर चिपवर स्पष्ट जीएफ१०६. म्हणजे २०१० सालचं जीटीएस ४५०! खऱ्याची चिप जीपी१०७, २०१६ ची.

हे लोक करतात काय, तर जुन्या कार्डाचा बायोस (कार्डातच साठवलेलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून त्यात नाव आणि मेमरीचा आकडा खोटा भरतात, आणि विंडोज बिचारं बायोस सांगेल तेच दाखवतं, म्हणून डिव्हाइस मॅनेजरचा पुरावा शून्य किमतीचा. कार्डावर मेमरी मुळात कमीच, त्यामुळे गेमने जास्त मागितली की बोंब. आणि जीटीएस ४५० ज्या जुन्या फर्मी पिढीतलं, तिचा ड्रायव्हर ३९१ सिरीजलाच थांबलाय, म्हणून तो "अपडेट नका करू"चा प्रेमळ सल्ला.

कार्ड हातात घेऊनच बरंच कळतं खरं तर. माझ्या कार्डाला निळं व्हीजीए पोर्ट होतं, आणि १०५० टीआयच्या पास्कल पिढीत व्हीजीएसारखं अ‍ॅनालॉग आउटपुटच नाही, तिथे डीव्हीआय-डी, एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट असतं. १०५० टीआय ७५ वॅटचं, बरीच मॉडेल्स नुसत्या मदरबोर्डच्या स्लॉटच्या पॉवरवर चालतात, याला मात्र वेगळी ६ पिनची पॉवर केबल लागत होती. (काही खऱ्या ओव्हरक्लॉक्ड, म्हणजे वेग वाढवलेल्या मॉडेल्सनाही ६ पिन असते, तेवढ्यावरून नकली ठरवू नका.) खोक्यावर कंपनीचं नाव नाही, नुसता हिरवा पट्टा आणि जीटीएक्स.

विकणाऱ्याला फोन केला तर "चालवून दाखवलं होतं ना?" एवढं बोलून ब्लॉक. दुकानातून बिलावर घेतलं असतं तर १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकता आली असती, कॅशच्या व्यवहारात हातात काय राहतं?

एएमडीचं आरएक्स ५८० कार्ड घेणाऱ्यांनी पण शेडर्स बघाच. २०४८एसपी नावाचं व्हर्जन मिळतं, ते नकली नाही पण त्यात २३०४ ऐवजी २०४८ शेडर्स, म्हणजे आरएक्स ५७० इतकेच, आणि भाव मात्र ५८० चा सांगतात. पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड घेऊन जा, त्याच्याच मशीनवर चालवा, पैसे नंतर. चालवू देत नसेल तर चहा पिऊन परत या.