कबच्या नाकात कुठलं इंजिन?

माझ्या रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचं जुनं इंजिन खोललं तर क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमधून तपकिरी भुकटी निघाली. चूक माझीच. मेमध्ये शेवटचं उड्डाण झालं, मग ना आत तेल सोडलं, ना कार्बोरेटर कोरडा केला. आणि कळव्यात पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर पापडसुद्धा दुपारपर्यंत मऊ पडतात.

विमान आहे पायपर कब या छोट्या खऱ्या विमानाची प्रतिकृती, एक-तृतीयांश मापाची, पंखांची लांबी साडेतीन मीटरच्या वर. त्याला साधारण ५० ते ६२ सीसीचं पेट्रोल इंजिन लागतं. समोर तीन होती: डीएलई-५५आरए, डीए-५० आणि वापरलेलं झेनोआ जी-६२.

ताकदीवरून निवडायला जाल तर फसाल. ५५.६ सीसीच्या डीएलईला कंपनी साडेपाच अश्वशक्ती लावते, डीए-५०ला पाच. दोन्हीवर २२ बाय ८ इंचांचा प्रॉप (नाकावरचा पंखा) चालतो आणि कबसारखं शांत विमान यातलं कुठलंही सहज ओढेल. खरा प्रश्न वजनाचा. कबचं नाक आखूड, शेपूट लांब. नाकाशी वजन कमी पडलं की शिसं भरावं लागतं.

मी काय केलं, सांगतो. विमान हॉलमध्ये पंखांखाली तोलून धरलं, इंजिनाच्या जागी पिशवी टांगली आणि तोल साधेपर्यंत तिच्यात तूरडाळ ओतत गेलो. बायको कपाळाला हात लावून बघत होती. मग पिशवी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली: २ किलो ३५० ग्रॅम. इंजिन, सायलेन्सर, प्रॉप, सगळं मिळून एवढं हवं.

इथे झेनोआ पुढे जातं. त्यात ठिणगी मॅग्नेटो पाडतो, फिरत्या चुंबकाने वीज तयार करून. त्या चुंबकी चाकामुळे ते जड आहे. एक्स्ट्रासारख्या कसरतीच्या विमानात मी त्याला हातही लावला नसता. तिथे डीए-५० घ्या. अमेरिकेत ॲरिझोनात बनतं, तीन वर्षांची हमी मिळते, पण खिसा सैल करावा लागतो. तेवढी तयारी नसेल तर चिनी डीएलई बरं. मात्र ५५आरएचा एक्झॉस्ट मागे निघतो. फायरवॉलखाली, म्हणजे इंजिन बसवायच्या फळीखाली, सायलेन्सरला जागा आहे का, ते पुठ्ठा कापून आधी बघा. माझ्या कबमध्ये नव्हती.

डीए आणि डीएलईच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनला बॅटरी लागते. ती पुढे सरकवून तोल थोडा सावरता येतो, हा फायदाच. पण नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५मध्ये झालं, विमान उडवायला उलव्याकडची मोकळी जागा आता विसरायची. पहाटे उठून मुरबाडच्या खाचरापर्यंत जायचं आणि तिथे कळायचं की इग्निशनची बॅटरी घरी चार्जिंगलाच राहिली! हे माझं दोनदा झालंय. मॅग्नेटोला बॅटरीच नको. बंद करायला मात्र तार अर्थ करणारा स्विच हवाच, त्यात कंजुषी नको.

इंधनाचं तिघांनाही सारखंच. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल धरतं आणि कार्बोरेटरचा पडदा खराब करतं. उडवून झालं की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा.

मी झेनोआ घेतलं. शिसं एक ग्रॅमही लागलं नाही. सुरू करायला मात्र प्रॉप जोरात फिरवावा लागतो, हळू फिरवला तर ठिणगीच पडत नाही. चामड्याचा हातमोजा घालूनच फिरवतो.