पाचवीच्या वर्गात वर्षभर वापरलेला दशांश अपूर्णांकांचा संच

गेल्या जूनमध्ये पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून दशांश अपूर्णांक शिकवण्याचा एक संच साडेनऊशे रुपयांना घेतला आणि कोल्हापूर जिल्ह्यातील आमच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीच्या अठ्ठावीस मुलांसोबत तो वर्षभर वापरला. त्यातील काही उणिवा पुढे सांगायच्या असल्यामुळे उत्पादकाचे नाव येथे देत नाही. तसेही या धर्तीचे संच आता अनेक दुकानांत मिळतात, आणि पेटी उघडून नेमके काय पाहावे हे घेणाऱ्याला ठाऊक असले म्हणजे पुरे.

पेटीत चौरस पाट्या, दांड्या आणि सुटे ठोकळे, भिंतीवर लावायचा स्थानिक किंमतीचा कापडी तक्ता, अंकांची कार्डे, शून्य ते एकपर्यंतच्या संख्यारेषेच्या एक मीटर लांबीच्या दोन पट्ट्या आणि शिक्षकांसाठी छोटी मराठी पुस्तिका असते. कार्डांवर एका बाजूला देवनागरी आणि दुसऱ्या बाजूला आंतरराष्ट्रीय अंक आहेत, त्यामुळे सेमी-इंग्रजीच्या वर्गालाही ती चालतात.

ठोकळ्यांचा भाग उत्तम आहे. पहिलीपासून मुलांच्या हाताला सुटा म्हणजे एक, दांडी म्हणजे दहा आणि पाटी म्हणजे शंभर ही सवय लागलेली असते. दशांश अपूर्णांकांत मात्र पाटीलाच एक मानावे लागते, म्हणजे दांडी एक दशांश आणि सुटा एक शतांश होतो. ही अदलाबदल तोंडी सांगून मुलांना पटत नाही. या संचात पाटीच्या मापाची एक उथळ चौकट दिली आहे, तिच्यात बरोबर दहा दांड्या किंवा शंभर सुटे बसतात, आणि रंगही जुन्या दशक-एककाच्या ठोकळ्यांपेक्षा मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. ०.३५ मोठा की ०.७, असे विचारल्यावर निम्म्याहून अधिक वर्गाने पस्तीस मोठे म्हणून ०.३५ सांगितले होते. दोन गटांनी दोन चौकटी भरल्या, एकीत सात दांड्या बसल्या, दुसरीत तीन दांड्या आणि पाच सुटे, आणि मला काहीही समजावून सांगावे लागले नाही.

संख्यारेषेच्या पट्ट्याही तितक्याच उपयोगी. एक मीटर म्हणजे एक, हे मानल्यावर दशांश म्हणजे डेसिमीटर आणि शतांश म्हणजे सेंटिमीटर आपोआप दिसतात. एका मुलाने बाकाची लांबी, एक मीटर पाच सेंटिमीटर, १.५ अशी लिहिली. तीच लांबी दोन पट्ट्या जोडून दाखव म्हटल्यावर त्याचे बोट दुसऱ्या पट्टीच्या मध्यावर गेले आणि बाक तर तिच्या सुरुवातीलाच संपला होता. मधले शून्य त्याने न सांगता घातले.

अडचण सुरू होते ती वाचनापाशी, आणि माझ्या मते अशा संचाची खरी परीक्षा तिथेच आहे. पुस्तिकेत ३.४५ चे वाचन एका पानावर ‘तीन दशांश चिन्ह चार पाच’ असे दिले आहे, तर चार पानांनंतर तीच संख्या ‘तीन पूर्णांक पंचेचाळीस’ अशी छापली आहे. दुसऱ्या वाचनाच्या शेवटी ‘शतांश’ जोडले असते तर ते बिनचूक ठरले असते. शतांशावाचून ते मुलाला नेमके पस्तीस आणि सातच्या चुकीकडे परत नेते. शिवाय पंचेचाळीस उच्चारताना पाच आधी कानावर पडतो आणि चाळीस नंतर, त्यामुळे ऐकून लिहिताना ३.५४ लिहिणारी मुले माझ्या वर्गात अखेरपर्यंत होती. इंग्रजीत हा घोटाळा उद्भवत नाही, आणि पुस्तिका मूळ इंग्रजीवरून उतरवली असावी हा माझा संशय इथेच बळावला.

‘दशांश’ या शब्दावरचा भार तर त्याहून मोठा आहे. दशांश अपूर्णांक, दशांश चिन्ह आणि दशांश स्थान अशी तीन कामे हा एकच शब्द करतो. ‘दशांशानंतर काय आहे?’ असे विचारले की काही मुले चिन्हानंतरचा अंक सांगतात आणि काही शतांशाचा, आणि दोघांचेही शब्दशः खरे असते. मी वर्षभर चिन्हाला नेहमी ‘चिन्ह’ आणि स्थानाला ‘दशांशाचे घर’ म्हटले. पुस्तिकेत या गोंधळाचा उल्लेखही नाही.

कापडी तक्ता मी पुन्हा घेणार नाही. त्यावर शतक, दशक, एकक, दशांश, शतांश अशी पाच घरे आहेत आणि एकक व दशांश यांच्यामध्ये लाल जाड रेघ मारली आहे, जणू ती आरसाच. पहिल्याच तासाला एका मुलीने विचारले, “बाई, डावीकडे एकक आहे, मग उजवीकडे एकांशाचं घर कुठाय?” तिचा तर्क चुकलेला नव्हता, तक्ता चुकलेला होता; कारण समतोल चिन्हाभोवती नसून एककाच्या घराभोवती असतो, त्याच्या एका बाजूला दशक आणि दुसऱ्या बाजूला दशांश. मी एककाच्या घराला पिवळा कागद चिकटवला आणि लाल रेघ झाकून टाकली. छपाईचाही एक दोष आहे: देवनागरी शून्य आकाराने लहान आणि चिन्हाचा ठिपका भलताच ठळक, त्यामुळे ०.०५ हे कार्ड मागच्या बाकावरून चार अंकांसारखे दिसते.

पुस्तिकेतील उदाहरणे जवळजवळ सगळी रुपये-पैशांची आहेत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे चौसष्टऐवजी शंभर पैसे झाले, ही माहिती एका चौकटीत दिली आहे आणि ती रंजकही आहे. परंतु पंचवीस पैसे व त्याखालील नाणी २०११ च्या जूनअखेर चलनातून गेली, आणि आज दहा वर्षांच्या मुलाने पैसा हातात धरलेलाच नसतो. त्याऐवजी मी दूध संस्थेच्या पावत्या मागवल्या. फॅट ३.५, एसएनएफ (म्हणजे दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) ८.५ हे आकडे आमच्या मुलांच्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ बोलले जातात, आणि ३.९ पेक्षा ४.१ बरा का, हे त्यांनीच मला दराच्या हिशेबासह सांगितले.

सव्वा, दीड, अडीच, पावणेदोन ही मराठीची आयती शिदोरीही संचाने वापरलेली नाही. मी १.२५, १.५, २.५, १.७५ अशी कार्डे करून जोड्या लावायला दिल्या, तेव्हा वर्गात सर्वाधिक मागे असलेला मुलगा, जो बाजारात वडिलांसोबत भाजी विकतो, सगळ्यांत आधी मोकळा झाला. याच खेळात दोन फसव्या जागाही सापडल्या: लग्नपत्रिकेवरचे ‘सायं. ६.३० वा.’ म्हणजे साडेसहा, पण ६.५ नव्हे, आणि धावफलकावरची ४.३ षटके म्हणजे चार षटके तीन चेंडू, म्हणजे प्रत्यक्षात साडेचार. कोणत्याही पुस्तिकेत या दोन्हींना एक पान द्यायला हवे.

टिकाऊपणाबद्दल तक्रार नाही. तीन दांड्या गहाळ झाल्या, तेव्हा दुकानाने आठ दिवसांत विनामूल्य पाठवल्या. मात्र एक संच सहा मुलांच्या गटालाच पुरतो; पूर्ण वर्गासाठी चार-पाच संच घेण्यापेक्षा एक संच घ्यावा, चौकटीचा दहा बाय दहाचा नमुना झेरॉक्स करून प्रत्येक मुलाला रंगवायला द्यावा, आणि उरलेल्या पैशांतून संख्यारेषेच्या आणखी पट्ट्या मिळतात का ते विचारावे. मला त्या सुट्या मिळाल्या, साठ रुपयांना एक.