माडाच्या सोंड्यासाठी दारावर सापळे विकणाऱ्यापासून सावध

मे महिन्यात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, एकजण गळ्यात ओळखपत्र अडकवून आला. बुंध्याच्या भोकांतून गळणारा तपकिरी चीक बघून म्हणाला, "लाल सोंड्या लागलाय." सोंड्या म्हणजे माडाचं खोड पोखरणारा भुंगा. त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून माणूस जाणकार वाटला. "सरकारी योजना आहे दादा, अर्धेच पैसे," म्हणत सापळ्यामागे 800 रुपये घेतले, सापळ्याच्या बादल्या माडांनाच बांधल्या आणि "पावती मोबाईलवर येईल" सांगून गेला. पावती आली नाही, फोन बंद.

"आत मादीचा गंध आहे, नर वेडे होऊन येतात," हे त्याचं पालुपद. इथेच त्याची लबाडी कळते. सोंड्यामध्ये गंध सोडतो नर, आणि त्या गंधावर नर-मादी दोघंही जमतात. माडावरच्या दुसऱ्या किडीचं, गेंड्या भुंग्याचंही तसंच. कामगंध सापळ्याची, म्हणजे गंधाने कीड ओढणाऱ्या सापळ्याची, सगळी किंमत यातच आहे, कारण अंडी घालायला निघालेली मादी सापडली तरच माड वाचतो.

आमच्या बादल्यांत काय सापडलं? फळमाशा! पाण्यावर त्यांचा थर, सोंड्या औषधालाही नाही. आतला प्लायवूडचा चौकोनी तुकडा नाकाशी धरला तर लवंगेसारखा वास. कृषी शिकणाऱ्या भाच्याने लगेच ओळखलं: मिथाइल युजेनॉल. आंब्यावरच्या फळमाशीचे नर त्यावर येतात, सोंड्या ढुंकूनही बघत नाही. शेजारीच मानकुराद आंबा पिकलेला, मग माशांना काय तोटा!

शिवाय नुसत्या गंधावर सोंड्या फारसे येत नाहीत. बादलीत आंबलेलं काहीतरी लागतं, उसाचे तुकडे, गूळपाणी किंवा आपली सूर, म्हणजे माडी. भुंग्याला वर चढता यावं म्हणून बादलीला बाहेरून गोणपाट गुंडाळतात. यातलं त्याने काहीच केलं नव्हतं. आणि आत खरा गंध असता, तर माडाला बांधलेली बादली म्हणजे भुंग्याला घरी जेवायला बोलावणंच झालं असतं. सापळा माडांपासून, निदान कोवळ्या माडांपासून तरी, लांब लावायचा असतो.

गंधाचं पाकीट सीलबंद हवं, त्यावर किडीचं नाव आणि तारीख हवी. विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुन्या गोव्यात एला इथल्या कृषी संशोधन संस्थेत आधी विचारा. हा इसम पुढे डिचोलीकडे गेल्याचं ऐकलं. दारात आलाच, तर गंध नराचा की मादीचा एवढं विचारा आणि पैसे देण्याआधी पावती मागा.